कडी नसलेली दारे

आमच्या राजाजीनगरच्या घराच्या वरच्या मजल्यावर गेल्या महिन्यात नागपूरचे एक तरुण जोडपे भाड्याने राहायला आले. सामान लागल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या जोडप्यातली मुलगी खाली आली आणि दारात उभी राहून संकोचाने म्हणाली, "काका, एक विचारायचं होतं. वरच्या एकाही दाराला कडी नाहीये. बोल्ट नाही, लॅच नाही, बाथरूमलासुद्धा नाही. आधीचे लोक सेफ्टीचं काय करायचे?"

मी तिच्याबरोबर वर गेलो. चौकटींवर स्क्रूची भोके बुजवलेली होती, आणि बुजवून त्यांवर लाकडाच्या रेषा अशा बेमालूम रंगवल्या होत्या की तिरक्या उजेडात पाहिल्यावाचून दिसू नयेत. तिथे पूर्वी कड्या होत्या हे मला ठाऊक होते, म्हणून मला त्या जागा सापडल्या. "सुतार बोलावतो," एवढे सांगून मी खाली आलो आणि देवघरात जाऊन बसलो. जपात मात्र मन लागेना. ती भोके रंगवणारा हात डोळ्यांपुढून हलेना.

त्याचे नाव राघवेंद्र. आम्ही त्याला राघू म्हणत असू, गल्लीतले लोक राघण्णा म्हणत. घराणे आमच्यासारखेच विजापूरकडचे, घरात मराठी, अंगणात कन्नड. वय चाळिशीचे, देह किरकोळ, दाढी नेहमी दोन दिवसांची, आणि कानावर एक निळी पेन्सिल. जागा पाहायला आला तेव्हा त्याने भाडे विचारले नाही, पाण्याचे विचारले नाही. सगळी दारे एकदा उघडून मिटून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, एक विनंती होती. या कड्या काढल्या तर चालेल काय?"

मला वाटले, नव्या बसवणार असेल. "चालेल की," मी म्हणालो. त्याने काढल्या, नव्या बसवल्याच नाहीत. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आमच्या हिने आपला जुना वरवंटा त्याला दिला होता. तो वरवंटा हीच त्या बिऱ्हाडाची राखण.

"राघू, अरे चोर येतील एक दिवस," ही त्याला म्हणायची.

"येऊ देत की अक्का. चित्रं बघतील, रडतील, परत जातील."

त्याचा उद्योग चित्रांच्या पोथ्या काढण्याचा. लोक त्याला कॉमिक म्हणतात. जयनगरात एक लहानशी प्रकाशनसंस्था होती, तिच्यासाठी तो घरी बसून काम करी. माझे आयुष्य पाठशाळेत रूपे पाठ करून घेण्यात गेलेले. उडणाऱ्या माणसांच्या चित्रांविषयी मला आदर वाटण्याचे काही कारण नव्हते. पण एके दिवशी संध्यावंदन आटोपून मी उठत होतो, तोच तो कागद घेऊन आला आणि चटईवर नीट मांडी घालून बसला.

"गुरुजी, एक नाव पाहिजे होतं. एक परग्रहावरचा राजा आहे. जिथं जातो ते जग जाळतो. त्याची भूक भागत नाही. त्याचं नाव मी भस्मक ठेवलंय."

"नाव उचित आहे," मी म्हणालो. "वैद्यकात त्या नावाचा एक रोगच सांगितला आहे. कितीही खाल्ले तरी अन्न जळून जाते, तृप्ती होत नाही."

"सरी, ठीक. आता त्याचा एक मुलगा आहे. मुलगा लोकांना वाचवतो. तो आपला हिरो. त्याला काय म्हणायचं?"

पूर्वी पुत्राला पित्याच्या नावाने ओळखत, हे मी त्याला सांगितले. भस्मकाचा पुत्र तो भास्मकि. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगंबाई, हे तर चूर्णाचं नाव झालं. सकाळी कोमट पाण्याबरोबर घ्यायचं." राघू खळखळून हसला, पण नाव त्याने तेच ठेवले. "बापाचं नाव हाक मारताच यायला पाहिजे," तो म्हणाला. "त्याला ते विसरता येता कामा नये."

पुढे प्रत्येक भाग काढून झाला की तो खाली येऊन हिला कथा सांगू लागला. ही समोर दडपे पोहे ठेवी. भास्मकि पर्वत बोटाने ढकलू शके, आगीतून चालू शके. परंतु त्याच्या छातीवर त्याच्या पित्याच्या सेनेची मुद्रा होती. जन्मतःच उमटलेली, न पुसणारी. हीच मुद्रा जळलेल्या नगरांच्या भिंतींवर लोकांनी पाहिलेली. त्यामुळे तो ज्यांना वाचवायला जाई ते त्याला पाहताच पळत आणि घरांची दारे लावून घेत. पण राघूच्या चित्रांतल्या दारांना कडी कधी दिसायची नाही. लोक आतून पाठ टेकून दार दाबून धरीत.

हिला त्या भास्मकीचा लळा लागला. जिन्यावर पाऊल वाजले की विचारी, "काय रे, आज तरी लोकांनी त्याला दार उघडलं का?"

"नाही अक्का. आज दगड मारले."

"मेले कृतघ्न!"

"असं नको म्हणू," राघू पोह्यांत लिंबू पिळत म्हणे. "त्यांचं बरोबर आहे. त्यांनी ती मुद्रा पाहिलीय. त्याचं मन कुठं पाहिलंय?"

तो एवढ्या निर्विकारपणे हे सांगे की मला त्याचे कौतुक वाटे. पुराणांतही दैत्यकुळात साधू जन्मल्याच्या कथा आहेत, असे मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, "होय गुरुजी, पण त्या कथांत देव येऊन बापाचा निकाल लावतो. पोराला काही करावं लागत नाही."

एका सकाळी दारात ऑटो थांबली. राघूने आतून एका वृद्ध गृहस्थाला हात धरून उतरवले. पांढरा शर्ट, जाड चष्मा, खांदे किंचित पुढे झुकलेले. गृहस्थांनी मला नमस्कार केला, जिना चढून वर गेले, आणि आत शिरताच त्यांचा पहिला प्रश्न खालपर्यंत ऐकू आला: "दाराला कडी कुठाय?"

राघू काय बोलला ते ऐकू आले नाही.

त्याच दिवशी दुपारी तो येऊन बसला. पेन्सिल कानावर नव्हती. "ते माझे अप्पा," तो म्हणाला. "शिक्षा संपवून आलेत. तुम्हाला सांगायला पाहिजे. तुम्ही नको म्हणालात तर दुसरी जागा बघतो."

गोविंदराव बोम्मसंद्र्याला एका फोमच्या कारखान्यात व्यवस्थापक होते. मागच्या दाराने माल बाहेर जातो असा त्यांना संशय होता, म्हणून पाळी सुरू झाली की त्या दाराला बाहेरून कडी घालायची, असा त्यांचा हुकूम होता. एका दुपारी फोमने पेट घेतला. पुढच्या बाजूला आग होती, मागच्या बाजूला कडी होती. चार बायका त्या दाराशीच सापडल्या. सरोजा, महादेवम्मा, लक्ष्मी आणि नसीम. ही नावे राघूने कुठेही न अडखळता घेतली, आपण स्नानाच्या वेळी नद्यांची नावे घेतो तशी.

मी त्याला जागा सोडायला सांगितले नाही. कोणा वृद्धाला घराबाहेर काढावे असा कोणताही धर्म मला शिकवलेला नव्हता. पण खरे सांगायचे तर त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर पाऊल वाजले की माझ्या जपाची माळ थांबे.

गोविंदराव क्रूर दिसत नसत, हेच अवघड होते. ते वेळेवर स्नान करीत, गॅलरीत बसून कन्नड वर्तमानपत्र वाचत, हिला "वहिनी, तुमची आमटी आमच्या घरच्यासारखी" म्हणत. एकदा मी धैर्य करून त्या दुपारचा विषय काढला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सगळ्या युनिटमध्ये लावत होते हो शास्त्रीबुवा. आमच्याकडं आग लागली एवढंच." आणि पान उलटले.

राघू त्यांना अंघोळ घाली, त्यांची नखे काढी, औषधे देई. एकही कठोर शब्द मी कधी ऐकला नाही. गोड शब्दही नाही. एकदा भास्मकीचा नवा भाग छापून आला होता तो गोविंदराव गॅलरीत पाहत बसले होते. भस्मक राजाच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवले. परग्रहावरचा तो राजा ताडासारखा उंच, डोळ्यांतून ज्वाला निघणारा. पण खांदे किंचित पुढे झुकलेले.

"हा मी काय रे?"

राघू उभाच राहिला. मी जिन्यात होतो; पुढे जावे की मागे फिरावे हे मला कळेना.

"मी एवढा उंच कुठाय?" गोविंदराव म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "खांदे मात्र बरोबर काढलास."

त्या सुमारास जयनगरच्या संस्थेतून निनाद नावाचा संपादक येऊ लागला. मूळचा पुण्याचा, हसतमुख, पायांत धावण्याचे बूट. शेवटचा भाग काढायचा होता आणि तो अडला होता. वर बोलायला वडिलांची अडचण, म्हणून दोघे आमच्या ओसरीवर बसत.

"सर, मी क्लिअर बोलतो. लोकांना भास्मकि आवडतो. पण हिरोचा बाप ग्रह जाळतो, आणि हिरो शेवटपर्यंत त्याला बाबा म्हणतो, हे पॅरेंट्सना कसं सांगू? एक छोटा ट्विस्ट करू. शेवटी कळतं की तो त्याचा मुलगाच नाही. बाळं बदलली होती. खरे आईवडील चांगले. छातीवरचा मार्क पुसला जातो. एंड! सगळे खूश."

"मग तो कोण?" राघूने विचारले.

"म्हणजे? भास्मकिच. पण क्लीन."

"मुलगा त्याचाच आहे, निनाद. तेवढीच गोष्ट आहे. ती काढली तर उरलं काय? उडणारा माणूस. उडणारी माणसं तुझ्याकडं ढिगानं आहेत."

"ओ काका, तुम्ही तरी समजवा," निनाद माझ्याकडे वळला. "शेवट बदलला नाही तर वरचे लोक छापणारच नाहीत. सिरीज इथंच बंद. सरांची एवढ्या वर्षांची मेहनत आहे ही."

राघू कॉफीचा पेला हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "स्वल्प वेळ दे." निनादने तो दिला, मला वाटते, त्याच्या अधिकारात होता त्याहून अधिक दिला.

ओसरीवरची बोलणी वर ऐकू जात असावीत. माघात गोविंदरावांची प्रकृती ढासळली. एके दिवशी सकाळी मी विष्णुसहस्रनाम ऐकवायला वर गेलो होतो. पाठ संपला, मी तीर्थ दिले. गोविंदरावांनी राघूला जवळ बोलावले. उशापाशी जुना अंक पडला होता, त्यावर आपल्या इकडच्या रीतीने, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी लावून, छापले होते: चित्रे, जी. राघवेंद्र.

"ते 'जी' काढ," गोविंदराव म्हणाले.

"अप्पा, पडून राहा."

"त्या पोराचं ऐक. म्हण, तो त्याचा मुलगा नाही. तुझी मुंज मामानं लावली. त्याचं नाव लाव. कोण विचारणार आहे?" श्वास घ्यायला ते थांबले. "मी सोडलं म्हणतो तुला."

एवढ्या वर्षांत त्या माणसाने कोणाला काही दिलेले मी पाहिले असेल तर ते एवढेच. राघू त्यांच्या पायांवरचे पांघरूण नीट करीत होता. त्याचे हात थांबले.

"आणि ती कडी, अप्पा? मी तुमचा नाही म्हटलं, तर ती कडी कुणाची?"

गोविंदरावांनी डोळे मिटले. ते झोपले की उत्तर टाळले, हे सांगता येत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. अग्नी राघूने दिला. स्मशानात ज्वाला वर आल्या तेव्हा तो मागे सरला नाही. मीच त्याला खांद्याला धरून मागे घेतले.

वर्षश्राद्ध होईपर्यंत शेवटचा भाग तसाच राहिला. कधी खाली येई, पण कथा सांगत नसे. हीही विचारीत नसे. एकदा त्याने मला विचारले, "गुरुजी, बापाचं प्रायश्चित्त मुलाला घेता येतं काय?"

मी विचार करून सांगितले, "प्रायश्चित्ताचा आरंभ अनुतापाने होतो, राघू. आणि अनुताप दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही."

"मग मी करतोय ते काय आहे?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. शिष्यापुढे हे उत्तर देण्याची सवय मला नव्हती.

पितृपक्ष जवळ आला तेव्हा तो वेगळाच प्रश्न घेऊन आला. त्याला त्या चौघींना तिलोदक द्यायचे होते. ज्यांचे आपले असे नाते नाही त्यांच्यासाठीही शास्त्राने धर्मपिंडाची सोय ठेवली आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. तो प्रश्न नव्हता. प्रश्न अधिकाराचा होता. ज्याच्या हुकमाने दार बंद झाले त्याच्या मुलाच्या हातचे पाणी त्यांना चालेल का? आणि नसीमसाठी तिच्या माणसांच्या प्रार्थना आहेत. आपण मध्ये कोण?

"मी विचारून आलोय," राघू म्हणाला.

तिघींच्या घरून त्याला "देऊ दे" असा निरोप मिळाला होता. एका घराने तो दार न उघडता आतूनच दिला. नसीमच्या भावाचे बोम्मसंद्र्यालाच पंक्चर काढण्याचे दुकान आहे. राघूने तिथे जाऊन आपले नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, मग आपली विनंती सांगितली. भावाने हातातली ट्यूब पाण्यात दाबून धरली, बुडबुडे पाहिले, आणि मान वर न करता म्हणाला, "पानी देना है तो दो. बाप के साथ मत देना."

"एवढंच बोलला?"

"एवढंच. मग गिऱ्हाईक आलं."

म्हणून आम्ही दोन दिवस योजले. गोविंदरावांचे त्यांच्या तिथीला, दशमीला, आमच्या ओसरीवर. आणि चौघींचे चतुर्दशीला, जी तिथी अपघाती मेलेल्यांसाठीच राखलेली आहे, श्रीरंगपट्टणला कावेरीवर. पाणी वेगळे, दिवस वेगळा, स्थान वेगळे. त्या भावाच्या शब्दाला बाध येणार नव्हता.

दशमीला राघूने सर्व यथाविधि केले. दक्षिणेकडे तोंड, अपसव्य, म्हणजे जानवे डाव्या खांद्यावरून काढून उजव्यावर. पित्याचे नाव आले तेव्हा त्याने ते मोठ्याने आणि स्पष्ट घेतले. अंगठा आणि तर्जनी यांमधून तिळांचे पाणी पडले. कर्म संपल्यावर जानवे पुन्हा डाव्या खांद्यावर घ्यायचे, म्हणून मी म्हणालो, "राघू, सव्य कर."

त्याने जानव्याला हात लावला नाही. "कर्म कुठं संपलंय, गुरुजी? चतुर्दशी राहिलीय की."

"ते निराळे कर्म आहे."

"पाणी निराळं आहे," तो म्हणाला. "कर्म एकच आहे."

अपसव्य राहून संध्या होत नाही, देवपूजा होत नाही, जेवूही नये. मृतांकडे तोंड करण्यापुरतीच ती स्थिती आहे. जिवंत माणसाने तीत राहायचे नसते. हे सर्व मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, मला नमस्कार केला, वर गेला. मी हिला म्हणालो, विसरेल, आपोआप होईल. ती म्हणाली, "राघू काही विसरणाऱ्यातला आहे का?"

चतुर्दशीला कावेरीला पाणी भरपूर होते. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि एकेकीचे नाव घेऊन ओंजळ सोडली. नसीमची ओंजळ सोडताना त्याने काश्यप गोत्र म्हटले नाही, केवळ नाव म्हटले, आणि मीही दुरुस्ती केली नाही. काठावर आल्यावर मी पुन्हा म्हणालो, "आता सव्य कर." तो थंडीने कापत होता. पंचाने तोंड पुसत म्हणाला, "होय, करतो," आणि ओल्या अंगावर शर्ट चढवला. शर्टाच्या आत काय होते ते मला दिसले नाही.

पुढे मी म्हैसूरला लेकीकडे गेलो. परतलो तो वरची जागा रिकामी होती. किल्ली नव्हतीच, म्हणून त्याने हिच्याजवळ वरवंटा परत दिला होता, धुऊन, पुसून. कुठे गेला ते त्याने सांगितले नाही, आणि निनादलाही ठाऊक नाही. शेवटचा भाग छापला गेला नाही.

पण त्याला शेवटचा पाहिला तो म्हैसूरला निघण्याच्या सकाळी. हिने बेसनाचे लाडू दिले होते, ते पोहोचवायला मी वर गेलो. दार वाऱ्याने किलकिले झाले होते. "या गुरुजी, उघडंच आहे," तो आतून म्हणाला.

तो उताराच्या मेजाशी बसला होता, अंगात बनियन. पुढ्यातल्या कागदावर शेवटचे पान होते. जळणारी भिंत, तीत एक लोखंडी दार, आणि दाराला कडी. त्याच्या सगळ्या चित्रांत ही पहिली कडी. तिचा प्रत्येक खिळा, तिच्यावरचा गंज, कोयंड्याची झीज, सारे त्याने इतके बारकाईने काढले होते की हात लावला तर गार लागावी. कडीवर भास्मकीचा हात होता. त्याच्या छातीवर मुद्रा होती.

"इथं अडलोय," राघू म्हणाला. "पर्वत ढकलतो तो. ही कडी म्हणजे काय! पण निघाली असं काढलं, तर खोटं होतं. नाही निघाली असं काढलं, तर तो कशाला जन्माला आला?"

मी लाडवांचा डबा मेजाच्या कडेला ठेवला. मग, ही नेहमी विचारी तेच, आणि तिच्याच शब्दांत, माझ्या तोंडून निघाले, "आज तरी दार उघडलं का, राघू?"

त्याने मान वर केली नाही. पेन्सिलचे टोक कडीवर टेकलेले होते आणि हलत नव्हते. बनियनच्या गळ्याशी जानवे दिसत होते, अजून उजव्या खांद्यावर.